वरची गिटार

सोमवार, ८ जानेवारी १९७९

आजपासून मी बेकार. स्वतःच्या मर्जीनं आणि आईच्या मर्जीविरुद्ध. कुलपांच्या कारखान्यात चार वर्षं घासली, शुक्रवारी मुकादमाला सांगून टाकलं की आता तुमच्या किल्ल्या तुम्हीच करा. आईनं तेव्हापासून अबोला धरलाय. बोलत नाही, पण माझ्या ताटात मटार वाढताना पळी अशी आपटते की शेजारच्या मिसेस राउंडनासुद्धा कळावं.

खरं तर ही कल्पना रेगची. रेग माझा मोठा भाऊ. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, फौंड्रीत ग्राइंडरवर. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा दिवसभर घासत बसायचं, हे त्याचं काम. आमच्या 'कोल्ड ब्लास्ट' बँडचे दोन गिटारवाले म्हणजे तो आणि मी. टेरी हिंगली गातो, स्टॅन विलेट्स ड्रम बडवतो, आणि बेसवर स्टॅनचा मेहुणा पीट आहे, तो वर्षातून दोनदा बोलतो. रेग म्हणाला, पाचातला एक तरी दिवसभर वाजवणारा हवा, नाहीतर म्हातारे होईपर्यंत आपण या डार्लस्टन गावातच कुजत पडू. मी म्हटलं, मग तू सोड की नोकरी. तर म्हणाला, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, बारक्या. तू वाजव. घरचं मी बघतो."

फौंड्रीतच त्याला स्टोअरमधलं बसून करायचं काम मिळत होतं. ते त्यानं नाकारलं आणि ग्राइंडरवरच जादा शिफ्ट मागून घेतली. म्हणे स्टोअरमध्ये कंटाळा येतो. माणसाला धुळीत उभं राहायची हौस असते ती अशी.

दिवसभर घरात एकट्यानं वाजवायचं म्हणजे बोलायला कोणी नाही, म्हणून ही वही.

रविवार, ४ फेब्रुवारी

कामगारांच्या क्लबात दुपारचा कार्यक्रम झाला. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मधोमध क्लबचे सेक्रेटरी मिस्टर बायदवे स्टेजवर चढले, टेरीच्या हातातून माईक काढून घेतला आणि बिंगोची वेळ झाली असं जाहीर केलं. टेरी अंगाला घट्ट बसलेली चामड्याची विजार घालून अर्धा तास मुकाट उभा. बिंगो संपल्यावर त्याच ओळीवरून पुढं चालू. एक आजीबाई जाताना म्हणाल्या, तुम्ही पोरं छान वाजवता, फक्त आवाज न करता वाजवता आलं तर बघा.

पण शेवटच्या गाण्यात ते जमलं. आमचं सगळं दोन गिटारींवर उभं आहे. चाल एकच, रेग ती वरून वाजवतो, मी जरा खालून, आणि दोघांनी बरोबर एकत्र चालायचं. चॅपलमध्ये प्रार्थनागीतं आई वरच्या पट्टीत म्हणायची आणि एडिथमावशी खालच्या, त्यातूनच आम्ही हे उचललं. फक्त आमच्यात भिंती हादरतात. आज मधल्या तुकड्यात रेगनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि मी त्याच्याकडे नाही, तरी केसभर फरक पडला नाही. त्या मिनिटासाठी मी सगळी कुलपं न् किल्ल्या ओवाळून टाकीन.

एक लिहायचं राहिलं. स्टेजवर जायच्या आधी रेग क्लबच्या स्वयंपाकघरात चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतो, चहा न पिता. म्हातारीसारखा. स्टॅन त्याला त्यावरून चिडवतो.

शुक्रवार, ११ मे

आता रोज आठ तास वाजवतो. बोटांना घट्टे पडले. आई बोलायला लागली, पण फक्त 'बंद कर' एवढंच.

संध्याकाळी चॅपलच्या हॉलमध्ये तालीम झाली. रेग शिफ्टवरून सरळ आला. वाजवता वाजवता दोनदा त्याच्या बोटांतून पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, निसटली, आणि गंमत म्हणजे ती पडल्याचं त्याला कळलंच नाही, नुसत्या बोटांनीच तारा खाजवत राहिला. टेरी हसला. मला हसू आलं नाही. फौंड्रीतली माणसं सुटल्यावर कुठं जातात ते काय मला माहीत नाही का. परत येताना त्याला म्हटलं, जरा कमी पीत जा. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि 'बरं' म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मग म्हणतो, माझी वरची बाजूही शिकून ठेव. कधी शिफ्टवर अडकलो तर? मी म्हटलं, दोघांचं एकटा कसा वाजवणार, मला काय चार हात आहेत? तरी रविवारी बसवून शिकवायला लागला. शिकवतो मात्र छान. स्वतः वाजवत नाही, तोंडानं गाऊन दाखवतो.

बुधवार, २४ ऑक्टोबर

लंडनच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला, ऐकलं, आणि दोन आठवड्यांनी कागद आला. सह्या झाल्या. मार्चमध्ये लंडनला जाऊन तबकडी करायची. स्टॅननं आनंदात चॅपलच्या हॉलमधली खुर्ची मोडली. रेगनं सगळ्यांत शेवटी सही केली. पेन मुठीत धरून, लहान मुलासारखी. सहीसुद्धा तशीच आली. टेरी म्हणाला, हा नोकरीला लागला तेव्हा लिहिणं विसरला वाटतं.

आईला सांगितलं तर म्हणाली की तसलं काही ती घरात वाजू देणार नाही. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. डोळे पुसून आली होती, पण विचारलं असतं तर कांदा म्हणाली असती.

मंगळवार, ४ मार्च १९८०, लंडन

जुन्या गोदामाचा स्टुडिओ केलाय. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. आमचं वाजवणं टेपवर घेणाऱ्या माणसाचं नाव ह्यूगो. गळ्यात रेशमी रुमाल, बोलणं एकदम मऊ. चुकलं की 'चुकलं' म्हणत नाही, 'सुंदर, अजून एकदा' म्हणतो.

रेगला फौंड्रीनं तीन दिवसांची सुट्टी दिलीय. आज त्याची वरची बाजू घ्यायला बसलो. अठ्ठावीस वेळा वाजवली. मी मोजत होतो, कारण दुसरं काय करणार. एकदा सुरुवात चुकायची, एकदा मधेच बोट तारेवर पोचायचंच नाही. ह्यूगो अठ्ठावीस वेळा सुंदर म्हणाला. मधे मधे रेग उठून मोरीत जायचा आणि वीस वीस मिनिटं यायचा नाही. नळ चालू असल्याचा आवाज. स्टॅन म्हणाला, बाटली तिथं लपवलीय. मी जाऊन बघितलं. बाटली नव्हती. म्हणजे संपवली असणार.

असा राग आला मला. आयुष्यात एकदा येणारी संधी, आणि हा माणूस तिचं मातेरं करतोय. माझ्या चार भिंतींतल्या एका वर्षाचंही.

गुरुवार, ६ मार्च

हे लिहू की नको?

रेग सकाळच्या गाडीनं घरी गेला. आज आणि उद्या शिफ्ट, शनिवारी दुपारी परत येणार. गिटार इथंच ठेवून गेला. तो गेल्यावर ह्यूगोनं दार लावलं आणि आम्हाला बसवलं. म्हणाला, लंडनमध्ये सगळेच असं करतात. दोन गिटारी असल्या तरी तबकडीवर एकच माणूस दोन्ही वाजवतो. एकाचाच हात असला की जास्त घट्ट बसतं. बाहेर कोणाला कळत नाही, कळायची गरजही नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं की वरची बाजू येते का.

टेरी खिडकीतून बाहेर बघत होता. शेवटी पीट बोलला, वर्षातलं त्याचं पहिलं वाक्य. म्हणाला, "रेगला सांगायचं नाही, एवढं ठरवा." आणि तेच ठरलं.

मी रेगचीच गिटार घेतली. त्याच्या गिटारीतून त्याचा आवाज येतो, म्हणून. दोन तासांत सगळी गाणी झाली. ह्यूगोनं टाळ्या वाजवल्या. टेप पुरेशी नव्हती म्हणून माझं रेगच्या वाजवण्यावरच चढवलं. म्हणजे त्याचं ते अठ्ठावीस वेळांचं सगळं पुसलं गेलं.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण वाजवून झाल्यावर. वाजवताना मात्र इतकं सोपं वाटत होतं, की हात आपोआप चालत होते.

हे मी रेगसाठीच केलं. तबकडी चांगली झाली तर नाव त्याचंही होणार.

शनिवार, ८ मार्च

रेग दुपारी आला. आईनं सगळ्यांसाठी डुकराच्या मांसाचे कुरकुरे तुकडे दिले होते, कागदाच्या पिशवीत. ह्यूगोनं टेप लावली. आम्ही चौघं आपापले बूट न्याहाळत होतो.

रेगनं तीनदा ऐकलं. दोन्ही हात काखेत घालून, मान खाली. मग विचारलं, कितव्या वेळचं घेतलंत? ह्यूगो म्हणाला, एकविसाव्या. रेगनं मान हलवली. "हां. एकविसावं बरं झालं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. त्याला काहीच कळलं नाही. मला वाटलं होतं आपलं वाजवणं माणसाला ओळखू येतं, पण दिसतंय की येत नाही. स्टेशनवर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "फार चांगलं वाजवलंयस, बारक्या." मी म्हटलं, माझं तर खालचंच आहे, कान देऊन ऐकण्यासारखं तुझंच आहे. गाडी आली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

तबकडी निघाली. मागच्या बाजूला आमचा फोटो, पाच जण कालव्याच्या पुलाखाली. रेगचे हात खिशात. फोटोवाल्यानं कितीदा बाहेर काढायला सांगितले, नाही काढले.

दुपारी पबमध्ये फौंड्रीतले सगळे जमले. मालकानं तबकडी लावली. मधला तुकडा आला तसं एका म्हाताऱ्या कामगारानं रेगला विचारलं, यातला तू कुठला? रेग म्हणाला, "वरचा." लगेच सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, आणि तो ते सगळं घेत होता, मान डोलावत होता. म्हातारा म्हणाला, आमच्या खात्यात ग्राइंडर धरणारे हात असं वाजवतात याच्यावर बाहेर कोणी विश्वास ठेवणार नाही.

मी पेला तसाच टाकून बाहेर आलो. एवढं मिरवून घ्यायचं काय कारण होतं? एका वर्तमानपत्रानं लिहिलंय की दोन भावांच्या गिटारी ऐकून वाटतं एकच माणूस वाजवतोय. टेरीनं ते कापून व्हॅनमध्ये चिकटवलं. त्यातली गंमत त्याला कळली की नाही, त्याचं त्याला माहीत.

गुरुवार, ११ डिसेंबर, सण्डरलंड

दौऱ्यातलं उत्तरेकडचं अकरावं गाव. व्हॅनचा हीटर मेलाय. काचेवर आतून बर्फ.

तबकडीवर मी जसं वाजवलंय तसं आता रेगला रोज स्टेजवर वाजवावं लागतं, आणि त्याला ते झेपत नाही. लोक तबकडी पाठ करून येतात. त्यांना तेच हवं असतं. मधला तुकडा आला की मला धडकी भरते. काल पुढच्या रांगेतली दोन पोरं हवेत गिटार वाजवत होती आणि ती पोरं बरोबर होती, रेग चुकत होता.

आज दुपारी आवाज तपासताना त्यानं हातमोजे काढले तेव्हा बघितलं. तीन बोटं पांढरी फटक, मेणाची असावीत तशी. म्हटलं, हे काय? म्हणाला, थंडी. थंडी काय त्याला एकट्यालाच वाजते?

मग कार्यक्रमात तो मधेच थांबला. अख्ख्या हॉलसमोर. हात खाली सोडून उभा राहिला आणि मी एकटा खालची बाजू वाजवत राहिलो. वरची नसली की खालची बाजू फार केविलवाणी वाटते, हे मला आज कळलं. पडद्यामागं मी सगळ्यांदेखत त्याला वाट्टेल ते बोललो. तू आम्हाला बुडवणार, तुला तेच हवंय, माझा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे हे तुला सहन होत नाही. हे सगळं. स्टॅनसुद्धा म्हणाला की आता पुरे.

रेग एवढंच म्हणाला की माफ कर. जाकिटाची चेन त्याला लागत नव्हती. तशीच उघडी टाकून व्हॅनमध्ये जाऊन बसला.

रविवार, १४ डिसेंबर, घरी

वसंतात जर्मनीचा दौरा पक्का झालाय, एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं. टेरी आणि स्टॅनचं म्हणणं, रेगला घेऊन जाता येणार नाही. पीट मान हलवतो. मीही हलवली. सांगायचं कोणी? तर भावानं.

जेवायच्या वेळेला त्याच्या घरी गेलो. वाटेत तीन प्रकारे वाक्य जुळवलं होतं. एकाचीही गरज पडली नाही. मी बसतोय न बसतोय तोच तो म्हणाला, "मी सोडतोय, कॉलिन. मला कंटाळा आलाय. मोरीनला दिवस गेलेत, आता ही भटकंती पुरे."

बारक्या म्हणाला नाही. कॉलिन म्हणाला.

मी म्हटलं, असं कसं? पण कसं म्हटलं ते मलाच ऐकू आलं, त्यात जोर नव्हता. त्याची बायको मोरीन बेसिनपाशी पाठ करून उभी होती, ती वळलीच नाही. नंतर हात पुसत आली आणि काही न बोलता रेगच्या बाह्यांची बटणं लावून दिली. राजेसाहेबांना आता बटणंही बायको लावून देते. चहा घेतला नाही. निघालो.

सुटलो असं वाटतंय. आणि रागही येतोय. आठ वर्षं एकत्र वाजवलं आणि हा माणूस म्हणतो कंटाळा आला. मी त्याला काढायला गेलो होतो हे खरं, पण त्यानं थोडं तरी लढायला हवं होतं.

रविवार, ३ मे १९८१, हॅम्बुर्ग

चार हजार माणसं होती. चार हजार. आमची तबकडी इंग्लंडात विक्रीच्या यादीत तेराव्या नंबरावर पोचली, दुसरी शरदात करायची. लोक माझ्या हातांचे फोटो काढतात.

रेगच्या जागी गॅरेथ आलाय, कार्डिफचा. गुणी पोरगा. वरची बाजू तबकडीवरून टिपून टिपून शिकला. आज जेवताना विचारत होता, तुझा भाऊ वाजवायचा कसा हे? एवढं वाजवणारा माणूस सोडून कसा गेला? टेरी सॉसेजमध्ये डोकं घालून बसला. मी म्हटलं, त्याला कंटाळा आला.

मधला तुकडा रोज बिनचूक होतो. एकदाही चुकत नाही. तरी तो झाला की मला रडू येतं, आणि अंधारात कोणाला दिसत नाही म्हणून मी येऊ देतो. मला रेग हवाय. चुकणारा असला तरी.

आईचं पत्र आलंय. रेगला मुलगी झाली, जोन नाव ठेवलं. मी अजून बघितली नाही. काय तोंडानं जाऊ?

शनिवार, १४ नोव्हेंबर, घरी

दुसरी तबकडी झाली. दहा दिवस मोकळे. मोठा धीर करून रेगकडे गेलो, हातात जोनसाठी लोकरीचं अस्वल. रेग फौंड्रीत होता. मोरीन एकटी होती, जोन आत झोपलेली.

तिनं अस्वल घेतलं, बाजूला ठेवलं आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर टाकला. डॉक्टरांचा. यंत्राच्या थरथरण्यानं बोटांतलं रक्त फिरेनासं होतं, असं काहीतरी. दोन्ही हात. आता पहिल्यासारखे व्हायचे नाहीत. फौंड्रीतले लोक त्याला मेलेली बोटं म्हणतात, ग्राइंडरवरच्या निम्म्या लोकांना आहे, म्हणून कोणी त्याबद्दल बोलतसुद्धा नाही. परवापासून त्याला झाडू मारायच्या कामावर टाकलंय.

मी विचारलं, कधीपासून? मोरीन म्हणाली, "पहिल्यांदा पांढरी पडली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, ग्राइंडर सोड, थांबेल. स्टोअरमधलं काम त्यासाठीच मागितलं होतं त्यानं, आणि मिळतही होतं. पण त्यात जादा शिफ्ट नव्हती. आणि तुला घरी बसून वाजवायचं होतं."

मी म्हटलं, मला वाटलं तो पितो. ती म्हणाली, तो थेंबही घेत नाही. तो नळाखाली हात धरायचा, गरम पाण्याच्या. बोटांत जीव यावा म्हणून. पोरीच्या झबल्याची बटणं लावता येत नाहीत त्याला, कॉलिन. तिला उचलतो तेव्हा आपण नीट धरलंय की नाही हे त्याला डोळ्यांनी बघावं लागतं.

जोन आतून रडायला लागली. मोरीन गेली. मी तिथंच बसून राहिलो. माझे आठ तास, माझे घट्टे, माझा हात. तो एकेक तास त्यानं ग्राइंडरवर उभं राहून मला दिला होता, आणि त्याच हातानं मी त्याला पुसून टाकलं.

रविवार, १५ नोव्हेंबर

आज त्याला सांगायचं ठरवून गेलो. रेग परसात कबुतरांना दाणे टाकत होता, पूर्ण मूठ मिटत नाही म्हणून ओंजळीनं. मी सरळ सांगितलं. तबकडीवर तू नाहीस रेग. दोन्ही मीच आहे. तुझं पुसलं आम्ही.

तो म्हणाला, "माहीत आहे."

कधीपासून?

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून. आपला हात माणसाला ओळखू येत नाही होय? शिवाय एकविसाव्या वेळी माझी तार तुटली होती." मग हसला थोडा. "शेवटच्या सुराला मी नेहमी जरा उशिरा यायचो. शिकवताना तुला सांगितलं होतं की ही माझी खोड आहे, तू नको घेऊस. पण तबकडीवर तू तिथं उशिरा आलायस. दर वेळेला. घाईत असतास, नुसतं काम उरकायचं असतं, तर नसता आलास. म्हटलं, पोरगा माझी आठवण धरून वाजवतोय. मला तेवढं पुरलं."

मी रडलो. भिंतीला टेकून, लहानपणी रडायचो तसा. म्हटलं, मी काय करू ते सांग. सगळ्यांना सांगतो, वर्तमानपत्रात देतो, ग्राइंडरचं, तुझ्या हातांचं, सगळं. तो म्हणाला, काही करू नकोस. फक्त आईला कळू देऊ नकोस. का, ते विचारायच्या आतच तिची हाक आली. चॅपलवरून ती परस्पर इकडेच आली होती. मोरीन म्हणाली, दर रविवारी येते.

बाहेरच्या खोलीत रेगचा रेकॉर्ड प्लेयर आहे. आईनं टोपीसुद्धा न काढता तबकडी लावली. तसलं काही घरात वाजू देणार नाही म्हणणारी माझी आई. कुठं सुई ठेवायची ते तिला पाठ झालंय. मधला तुकडा सुरू झाला तशी तिनं जोनला मांडीवर घेतलं आणि तिचा हात धरून म्हणाली, ऐक, हे वरचं वाजतंय ना, ते तुझे बाबा. काल त्यांना म्हटलं, आता नाही वाजवलंस तरी चालेल, हे राहिलंय ना. हे कोणी काढून घेऊ शकत नाही.

रेग दाराशी उभा होता, हात काखेत. माझ्याकडे बघत नव्हता.

शेवटचा सूर उशिरा आला. आईनं मान डोलावली, जणू तिथंच तो यायला हवा होता. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "आणि तू रे? तू कुठं आहेस यात? इतक्यांदा ऐकलं, मला काही तू सापडत नाहीस."

मी म्हटलं, "मी खाली आहे, आई. तो वाजवायला लागला की माझं ऐकू येत नाही."

"हं," म्हणाली, "तो मोठा ना." आणि सुई उचलून परत मागं ठेवली.